निरोपाची वाटी

माझी पहिली नोकरी वाट्या पोचवण्याची. वय वर्षं नऊ, ठिकाण भुसावळ, रेल्वे क्वार्टर्स. पगार नव्हता, पण भत्ता होता. वाटीवरची ताटली जराशी सरकवायची, भिंतीकडे तोंड करायचं आणि एक बोट. भाजीच्या कडेला पडलेली बोटाची पन्हळ समोरच्या घरात सगळ्यांना दिसत असे आणि तिची खबर माझ्या आधी आईपर्यंत पोचत असे. तरी नोकरी गेली नाही. घरात दुसरा उमेदवार नव्हता. बहीण रांगत होती आणि वडील लोको शेडमध्ये फिटर. त्यांच्या पाळीला सकाळ-संध्याकाळ कळत नसे.

आमच्या ओळीत आठ घरं. पुढे एक पायरी, मागे हातभर परसू आणि मधल्या भिंती अशा की फोडणी कुणाकडे पडली आणि त्यात हिंग होता की नाही, हे आई कणीक मळता मळता सांगायची. रेल्वेच्या बदल्यांनी माणसं कुठून कुठून आणून त्या ओळीत टाकली होती. आई राजापूरकडची, नारळ, तांदूळ आणि कुळीथ यांच्यापलीकडे जग आहे हे तिला लग्नानंतर समजलं. डावीकडे सोलापूरच्या काकू, त्यांचे यजमान इंजिनावर ड्रायव्हर. उजवीकडे यावलच्या काकू, घरचं शेत राखून असलेल्या. आणि टोकाच्या घरात मामी, तंजावरकडच्या. मामींचं मराठी म्हणजे हिंदीचे रूळ, त्यावर तमिळ डबे आणि शेवटी मराठीचा एक गार्डाचा डबा. सगळ्यांना सगळं कळायचं.

वाटीबरोबर निरोप असे. खरं तर निरोपच मोठा आणि वाटी त्याचं निमित्त. ‘आईनं सांगितलंय, आज पडवळ कोवळं होतं म्हणून डाळ आधी शिजवून घेतली.’ ‘काकू म्हणाल्या, कारल्याला मीठ लावून ठेवा, पण पिळून पाणी पार काढू नका, मग खायचं काय?’ हे पाठ करत मला जावं लागे. वाटेत गोट्यांचा डाव चालू असेल तर वाटी पायरीवर, निरोप खिशात. डाव संपल्यावर दोन्ही थंड झालेले असत.

काही निरोप तर भांडणाचेच होते, फक्त दोन्ही बाजू एकमेकींना न दुखवता भांडत होत्या. मामींचं म्हणणं, आंबट आधी. चिंचेच्या पाण्यात भाजी उकळायची, चिंचेचा कच्चा वास जाईस्तोवर हलायचं नाही आणि मग शिजलेली डाळ. आईचं म्हणणं, आंबट शेवटी. आमसूल आधी टाकलं तर वरण काळवंडतं आणि दात आंबतात. आठवडाभर मी या दोन मतांमधून येरझाऱ्या घातल्या. आज कळतं, दोघी बरोबर होत्या. त्या चिंचेबद्दल बोलत होत्या, ही आमसुलाबद्दल. आणि डाळ शिजण्याआधी तिच्यात आंबट पडलं तर ती दगडासारखी बसून राहते, यावर दोघींचं एकमतच होतं. पण निरोपात मी दोन्हीकडे फक्त ‘आंबट’ एवढाच शब्द नेत होतो. सामान कमी असलं की पाय हलके पडतात.

असाच एक शब्द मी एकदा गाळला आणि आमच्या घरात एक पदार्थ जन्माला आला.

मामींच्या दोशांना जाळी पडायची आणि कडा अशी कुरकुरीत की चावल्याचा आवाज परसातून ऐकू येई. आईचे दोसे म्हणजे जाडसर, गप्प बसलेले. तिनं मला विचारायला पाठवलं. मामी पाट्याशी होत्या. वर न बघता म्हणाल्या, “चार वाटी चावल, एक वाटी उडीद, मेथी एक चमचा. हाताने मिलाना. चमच्याने नको. हाताची गर्मी पाहिजे.” मी घोकत निघालो. चार, एक, मेथी, एक चमचा. चार, एक, मेथी, एक चमचा. बाजारातून आणलेली मेथीची जुडी त्या दिवशी घरात पडली होती, ती डोळ्यांसमोर आली आणि मला मामींच्या सांगण्यात चूक दिसली. पाला कुणी चमच्यानं मोजतं का? मी ती चूक वाटेतच दुरुस्त केली. आईला सांगितलं, “चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद आणि मेथी एक मूठ.”

“पाला?” आईनं विचारलं.

“हो,” मी म्हणालो. एवढ्या ठामपणे मी पुढच्या आयुष्यात कुठल्या परीक्षेतही उत्तर दिलेलं नाही.

मामी सांगत होत्या ते मेथीचे दाणे. भिजले की ते बुळबुळीत होतात, आणि त्या बुळबुळीतपणात पिठात तयार होणारा वारा अडकून राहतो म्हणून पीठ हलकं होतं. पाल्यात ते काही नाही. पण भुसावळच्या उन्हाळ्यात पीठ फुगायला दाण्यांची वाट बघत नाही; रात्रीत पातेल्यावरचं झाकण उचललं गेलं. सकाळी आईनं मूठभर मेथी बारीक चिरून त्यात टाकली, लसणाच्या चार पाकळ्या ठेचून घातल्या. त्या मात्र कुणी सांगितल्या नव्हत्या. कोकणातल्या बाईला घावनाचा हात असतो, दोशाचा नसतो. तिनं पीठ पळीनं फिरवलं नाही, बिडाच्या तव्यावर कडेकडेनं सोडून दिलं, वर झाकण ठेवलं. निघालं ते हिरव्या ठिपक्यांचं, मऊ, जाळीदार, कडेला किंचित करपलेलं आणि जिभेच्या मागे अगदी जरासं कडू. रात्रपाळीहून आलेल्या वडिलांनी पाच खाल्ले आणि न बोलता सहाव्यासाठी ताट पुढे केलं.

एक वाटी, म्हणजे त्या दिवशी ताटली, मामींकडे गेली. मामींनी झाकण काढलं. आधी हसल्या, मग डोळ्यांना पदर लावून हसल्या, मग तुकडा मोडून तोंडात घातला आणि हसू थांबलं. काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरातून तव्यावरच्या मेथीचा वास आला, तो आईनं भिंतीतून ओळखला. आमच्याकडे त्या पदार्थाचं नाव पडलं ‘मामीचं घावन’. मामींच्या घरी त्याला ‘भुसावळ दोसै’ म्हणत. आपल्या नावावर घ्यायला दोन्ही घरं तयार नव्हती.

भरलेली वाटी न्यायची आणि रिकामी आणायची नाही, हा नोकरीचा दुसरा नियम. वाटी घासूनपुसून परत येई, पण तळाशी काहीतरी असेच. साखरेची चिमूट, चार फुटाणे, शेंगदाण्याच्या चटणीचा एक डोंगर, कधी लिंबू. सोलापूरच्या काकूंकडून चटणीच यायची. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, बोटाला लाल ओल लागणारी. यावलच्या काकूंकडून थंडीत भरीत. त्यांच्या शेतातली वांगी हिरवट, अंगावर पांढऱ्या रेषा, नवजात मुलाच्या डोक्याएवढी. ती गॅसवर भाजायची नसतातच. गावाकडून पऱ्हाट्या येत, कपाशीच्या वाळलेल्या काड्या. त्यांचा जाळ परसात पेटला की ओळीतल्या आठही घरांतल्या मुलांना त्या दिवशी अभ्यासाला काकूंच्याच पायरीवर जागा सापडे. भाजलेलं वांगं सोलून लाकडाच्या खोलगट भांड्यात घालायचं आणि हिरव्या मिरच्या, लसूण घालून ठेचायचं, मग शेंगदाणे, कांद्याची पात. धुराचा वास नखात राही, हात धुतले तरी. 2016 साली जळगावच्या भरीताच्या वांग्यांना भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली तेव्हा मी बोटं नाकाशी नेली. सवय.

विरजणाला मात्र वाटी लागत नसे, चमचाच पुरे. ओळीतल्या सगळ्या घरांचं दही शेवटी एकाच दह्याचं गोत होतं. कुणाचं नासलं, कुणी गावी गेलं, की दुसऱ्या घरातून चमचाभर आलं. मे महिन्यात दुपारी लावलेलं दही संध्याकाळी तोंडात घालवत नसे इतकं आंबट. दूध रात्री गार झाल्यावर लाव, विरजण निम्मं कर, भांडं पाण्याच्या परातीत ठेव, हा सल्ला कुणाचा ते आता सांगता येणार नाही. तो फिरून फिरून सगळ्यांचाच झाला होता.

पण सगळं निरोपानं जात नाही, हे मला 1972 नं दाखवलं.

दुष्काळाचं वर्ष. रेशनवर लाल ज्वारी आली होती, अमेरिकेची, मिलो म्हणायचे तिला. त्या काळातल्या कुठल्याही माणसासमोर हा शब्द काढा, चेहरा बघा. तिच्या पिठाला विरी नाही. भाकरी थापायला घ्यावी तर कडेला चिरा, उचलावी तर हातात तुकडे. आई आधीच भातखाऊ मुलखातली, चांगल्या शाळू ज्वारीचीही भाकरी तिला जेमतेम जमे. तिनं मला सोलापूरच्या काकूंकडे पाठवलं. निरोप: मिलोची भाकरी कशी करायची. मी उत्तर आणायला उभा. काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मग हातातलं काम बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि मला मागे टाकून आमच्या घरात शिरल्या. “हे पोराच्या तोंडून जायचं नाही गं. सरक की जरा. मी बसते परातीजवळ.”

त्या दिवशी मी पहिल्यांदा बिनकामाचा उंबऱ्यात बसलो आणि पाहिलं. काकूंनी पाणी खळखळ उकळलं, मीठ टाकलं, परातीतल्या पिठात मध्ये खळगा करून त्यात ओतलं आणि उलथन्याच्या दांड्यानं हलवून झाकून टाकलं. उकड. कोमटसर झाल्यावर आईचे हात पिठात घातले आणि स्वतःचे हात आईच्या हातांवर ठेवले. “बोटांनी नाही, तळव्यानं. खालून रेट. अजून. पीठ हाताला सोडतंय का बघ.” मळता मळता लाल पीठ काळपट, मऊ झालं, चिकटपणा जो त्याच्यात नव्हता तो गरम पाण्यानं आणि रगडण्यानं उसना आला. मग गोळा, कोरडं पीठ, आणि तळहाताच्या थापा. भाकरी परातीत आपोआप फिरत होती, निदान मला तसं दिसलं. दोन्ही हातांवर झेलून तव्यावर, पिठाची बाजू वर, त्यावर पाण्याचा हात. पाणी सुकलं की उलटायची. आणि मग शेगडीच्या निखाऱ्यांवर कडेला उभी. शेगडीत कोळसा, आमच्या गावात कोळशाला कमी नव्हती. भाकरीनं एक उसासा टाकला आणि ती फुगली. फार नाही, अर्धी. काकू म्हणाल्या, “मिलो हाय ते. एवढं फुगलं म्हणजे लई झालं.”

आईनं पापुद्रा उचलून बघितला. मी तिचं तोंड बघितलं. तसं तोंड तिनं माझ्या दहावीच्या निकालालाही केलं नाही.

पुण्याच्या मावशीनं आईला ‘रुचिरा’ पाठवलं होतं. 1970 साली आलेलं कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक त्या वेळी बऱ्याच घरांत शिरलं, आणि त्याचं एक कारण माझ्या धंद्याशी जवळचं आहे. ओगलेबाईंनी मापं ग्रॅममध्ये न देता वाट्यांत आणि चमच्यांत दिली. आई ते दुपारी कादंबरीसारखं वाचायची. त्यातून तिनं काही केलेलं मला फारसं आठवत नाही. ती त्यात आपण करतो ते बरोबर आहे का, हे तपासायची आणि बरोबर नसलं की पुस्तक मिटायची. त्याआधी साठ वर्षं, 1910 मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणीमित्र’ लिहिलं होतं, त्यात एक हजार पाकक्रिया. एका बाईला हजार पदार्थ एकटीला कसे येतील? त्यांच्याही दाराशी कुणीतरी पोरगं झाकलेल्या वाट्या घेऊन उभं राहिलेलं असणार, असा माझा आपला व्यावसायिक अंदाज.

मे 1974. ही गोष्ट मी फारशी सांगत नाही, कारण ती सांगायला लागलो की ऐकणाऱ्याला संपाचं राजकारण हवं असतं आणि मला आठवतात त्या वाट्या.

देशभरचा रेल्वे संप 8 मेला सुरू झाला आणि 27 मेला संपला. वीस दिवस. भुसावळसारख्या जंक्शनवर गाड्यांचा आवाज हा घड्याळासारखा असतो. नागपूरच्या फाट्याची, इटारसीच्या फाट्याची, सगळ्यांची शिट्टी ओळखीची. संपात तो आवाज विरळ झाला आणि रात्री कुत्री कुठे भुंकतात ते ऐकू यायला लागलं. वडील संपात होते, सोलापूरचे काकाही. पुष्कळ पुरुष रात्री घरी नसत. पगार नव्हता. किराणावाल्याच्या वहीत उधारीचं पान उलटलं.

आणि मे महिना म्हणजे वाळवणाचा. दरवर्षी एका घरचे पापड लाटायला सगळ्या घरच्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जात, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. मुलांना लाट्या मिळत, तेलात बुडवलेल्या. त्या वर्षी कुणाकडेच एकटीनं कुरडया घालण्याइतके गहू नव्हते. म्हणून ठरलं, दर घरातून दोन दोन वाट्या. मी ते गोळा करत फिरलो, आठ घरं, पिशवी घेऊन. यावलच्या काकूंच्या परसात ते तीन दिवस भिजले, रोज पाणी बदललं, आंबूस वास सुटला. मग वाटून, पिळून, चोथा वेगळा. रात्रभर चीक खाली बसला, वर पिवळसर पाणी. सकाळी ते ओतून चीक मिठाच्या उकळत्या पाण्यात घाटला. दोघीजणी आळीपाळीनं काठीनं हलवत होत्या, कारण क्षणभर हात थांबला की गुठळी, आणि चिकातली गुठळी फोडता येत नाही. पांढरा चीक बघता बघता काचेसारखा दिसू लागला. तो तयार झाल्याची खूण काकूंनी सांगितली ती अशी: ओल्या बोटानं टोचायचं, बोटाला चिकटला नाही की झाला.

सोऱ्यातून बाजेवरच्या धोतरावर कुरडया पडायच्या आधी मुलांना वाटीत गरम चीक मिळाला, वर गुळाचा खडा. आम्ही तो तोंड भाजत खाल्ला. बायका खात नव्हत्या. मला वाटलं, त्यांना आवडत नाही.

त्याच दिवसांत मी आईकडे तक्रार केली. वाट्या अजून जात होत्या, पातळ पिठल्याच्या, कण्यांच्या, पण परत येताना त्यांत काहीच धड नसे. आधी साखर जाऊन गूळ आला, मग गूळ वाटाण्याएवढा झाला. एके दिवशी मामींकडून वाटी आली तर तळाशी नुसता कढीपत्त्याचा टाळा. त्यांच्या परसात झाड होतं. “मामींनी पाला दिला नुसता,” मी म्हणालो. आईनं टाळा हातात घेतला, एकेक पान ओरबाडून धुतलं, आणि रात्रीच्या वरणाच्या फोडणीत सगळीच्या सगळी पानं टाकली. ते वरण म्हणजे पाणी होतं, डाळ त्यात सापडायला हवी होती. पण पानं तडतडली तेव्हा घरभर जो वास सुटला तो भरल्या घराचा होता.

दुसऱ्या दिवशी वाटी परत करायची वेळ आईवर होती. ती फळीसमोर उभी राहिली. एकेक डबा उघडला, झाकला. मग सगळ्यात वरच्या फळीवरची बरणी काढली. त्यात आमसुलं होती, राजापूरची, वर्षातून एकदा कुणाबरोबर तरी येणारी. ती आई मोजून वापरी आणि कुणाला देत नसे. चमचाभर मीठ, मूठभर तांदूळ कुणीही मागावं, आमसूल नाही. तिनं बरणी वाटीवर उपडी केली. दोन पडली. तेवढीच होती.

मामींनी वाटीत बघितलं आणि बराच वेळ मला काही निरोप सांगितला नाही.

संप मिटला, गाड्या सुरू झाल्या, कुरडया आठ वाट्यांनी घरोघर गेल्या आणि पावसाळ्यात कांद्यावर परतून त्यांची भाजी झाली. पुढच्या सहा-सात वर्षांत ओळ विस्कटली. कुणाची बदली, कुणाची बढती. मामा निवृत्त झाले आणि मामी तंजावरकडे गेल्या. सामान बांधण्याच्या गडबडीत त्यांची एक पितळी वाटी आमच्याकडे राहिली. आमचीही एक त्यांच्याकडे गेली असणार, कारण आईच्या मोजणीत एक कमी भरत असे आणि तिनं ती कधी शोधली नाही. मामींच्या वाटीवर नाव घातलेलं होतं, ठिपक्याठिपक्यांनी, तमिळ अक्षरांत. गोल गोल, वेलीसारखी. मला वाचता येत नव्हतं, पण मला ठाऊक होतं ते काय आहे. मामींचं नाव. दुसरं काय असणार?

आता मी कल्याणला असतो. बायको सहा महिन्यांसाठी टोरांटोला गेली आहे, लेकीच्या बाळंतपणाला, आणि मी तिच्या स्वयंपाकघरात दूरध्वनीवरून स्वयंपाक शिकतो आहे. तिथे रात्र असते, इथे सकाळ. “रवा कधीपर्यंत भाजू?” “रंग बदलेपर्यंत.” “कुठला रंग?” “बदलला की कळेल.” मी गॅसवर उभा, ती कॅमेऱ्यात कढई बघायचा प्रयत्न करते आणि तिला माझा कान दिसतो. लेक मध्येच विचारते, बाबा, आजीचं ते हिरवं घावन कसं करायचं? मी सांगतो. मला माझे निरोप अजून पाठ आहेत.

दोन महिन्यांपूर्वी कुळथाची पिठी केली. पहिल्यांदा गुठळ्या न होता झाली: पीठ आधी गार पाण्यात कालवून, लसणाच्या फोडणीत पाणी उकळल्यावर ओतायचं, हात थांबवायचा नाही, हे चिकानं शिकवलेलं. एकट्यानं खाऊन खाऊन किती खाणार? चौथ्या मजल्यावर मदुराईचं कुटुंब नवीन राहायला आलं होतं. घरात हाताशी आली ती मामींची वाटी. भरली, ताटली झाकली आणि पन्नास वर्षांनी ड्यूटीवर गेलो. बोट घातलं नाही. म्हणजे घातलं, पण घरात.

संध्याकाळी त्या घरातली बाई स्वतः वाटी परत करायला आली. वाटी घासून लख्ख आणि आत तीन मुरुक्कू. त्यांच्याकडेही रिकामी देत नाहीत. हिंदीत म्हणाली, अंकल, ही वाटी तुमच्याकडे कशी? मी मोठ्या रंगात सांगितलं, भुसावळ, क्वार्टर्स, मामी, हे त्यांचं नाव. मामींचं नाव मी मोठ्यानं उच्चारलं. तिनं वाटी दिव्याखाली धरली, अंगठ्यानं अक्षरं पुसली, पुन्हा वाचली आणि मान हलवली. नाव वेगळंच होतं. दुसऱ्याच कुणा बाईचं, पुढे आद्याक्षर, तेही मामींच्या घरचं नाही.

ती गेल्यावर मी वाटी घेऊन बराच वेळ ओट्याशी उभा होतो. मामींकडे ती कुणाकडून तरी भरून आली असेल आणि परत जायची राहिली असेल. कुठल्या गावातल्या, कुठल्या ओळीतल्या, कुठल्या घरातून? तिच्यात पहिल्यांदा काय होतं?

काल ‘मामीचं घावन’ केलं आणि त्याच वाटीतून खाली चटणी आणि ताटलीत चार घावनं पाठवली. आज सकाळी बेल वाजली. दारात त्यांची मुलगी, सात-आठ वर्षांची, मराठी शाळेतल्या मैत्रिणींमुळे मराठी झकास. हातात वाटी, वाटीत दोन पेढे आणि तोंडात निरोप. “आजोबा, अम्मानं विचारलंय, त्यात काय काय घातलं? तिला करायचंय.”

“सांग, चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद. रात्रभर ठेवायचं. हातानं कालवायचं. आणि मेथी एक मूठ.”

“चार, एक, मेथी एक मूठ,” ती म्हणाली. “चार, एक, मेथी एक मूठ.” आणि लिफ्टकडे पळाली.

पेढा तोंडात घालता घालता माझ्या ध्यानात आलं की मी पाला म्हणालोच नाही. मेथी म्हणालो. मदुराईच्या बाईला दोशाच्या पिठात मेथी म्हटल्यावर काय आठवणार? दाणे. मूठभर दाणे! मी चप्पल न घालता जिन्यापर्यंत धावलो, हाक मारायला तोंड उघडलं, तोंडात पेढा. लिफ्टचं दार लागलं होतं. आतून खाली खाली जाणारा तिचा आवाज येत होता, चार, एक, मेथी…